मालकाचं नाव झाकून घोडी विकताना आणि घेताना

सारंगखेड्याच्या बाजारात घोडीकडे बोट दाखवून "ही कोणाची?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "घरचीच आहे, भाऊ." कोणाच्या घरची, ते दुसऱ्यांदा विचारूनही कळत नाही. तिसऱ्यांदा विचारलं तर दलाल हसून म्हणतो, "मालक मोठा माणूस आहे, नाव राहू द्या. माल बघा."

तापीकाठचा हा बाजार दत्तजयंतीला भरतो. अकलूजचा दिवाळीच्या सुमाराला आणि लोहा तालुक्यातल्या माळेगावचा खंडोबाच्या यात्रेत. तिन्हीकडे महाराष्ट्राबाहेरूनही जनावरं येतात आणि पुष्कळदा ती वाटेत हात बदलत आलेली असतात. दावं धरून उभा असलेला माणूस मालक असेलच असं नाही. तो नोकर असेल, व्यापारी असेल किंवा टक्केवारीवर आलेला दलाल असेल.

आम्ही या व्यवहारात दोन्ही बाजूंनी बसतो. कधी विकणाऱ्याचे कागद लावून द्यायचे असतात, कधी घेणाऱ्याबरोबर जनावर बघायला जायचं असतं. त्यातून एक रेघ आम्ही आखून घेतली आहे. नाव, पत्ता, विकायचं कारण आणि स्वतः किती रुपयांना घेतली होती ते झाकायचा मालकाला पूर्ण हक्क आहे. घोडीचं वय, दुखणं, खोड, दिलेली औषधं आणि तिची ओळख पटवणाऱ्या खुणा झाकायचा हक्क त्याला नाही. बोलायला हे सोपं वाटतं, पण अडचण अशी की या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर असतात. लसीच्या नोंदीवर मालकाचं नाव, रक्ताच्या अहवालावर मालकाचा पत्ता, घोडीच्या पासपोर्टच्या, म्हणजे ओळख-पुस्तिकेच्या, मागच्या पानावर आधीच्या सगळ्या मालकांची यादी. म्हणून मालक नाव झाकायला जातो आणि त्याबरोबर घोडीची सगळी कुंडलीच झाकली जाते. ज्याला मुळात दुखणंच लपवायचं असतं, तो "मालकाला नाव नको आहे" याच आडोशाला उभा राहतो.

नाव झाकण्याची कारणं बहुतेक वेळा खरी असतात. भावाभावांत वाटणी चालू आहे आणि घोडी विकल्याचं गावात कळायला नको. कर्ज झालंय. वृत्तपत्रात घोड्याची किंमत लाखा-कोटींत छापून आली की तबेल्याभोवती अनोळखी माणसं फिरू लागतात, त्याची धास्ती. दलालाला वेगळीच भीती असते: मालकाचं नाव कळलं की पुढच्या वर्षी गिऱ्हाईक परस्पर तिकडे जाईल. किमतीच्या बाबतीत तर बाजाराने गुप्ततेची रीतच पाडलेली आहे. रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी आकडा ठरतो, बाजूला उभ्या माणसाला कळत नाही आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नाही. रुमालाखाली आकडा जाऊ दे, लंगडा पाय जायला नको, एवढंच आमचं म्हणणं.

काम फोनवर सुरू होतं. बाजारात पोचण्याआधी आम्ही व्हिडिओ मागतो आणि विकणाऱ्याच्या बाजूने असलो तर तो स्वतः काढून देतो. पाठीमागे साधी भिंत किंवा मोकळं शेत. तबेल्याची पाटी, गाडीचा नंबर, घराचं फाटक चौकटीबाहेर. व्हॉट्सॲपवर मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर काढल्याच्या ठिकाणाची नोंद त्याच्याबरोबर जाऊ शकते, म्हणून तो साधा फोटो म्हणूनच पाठवायचा. मात्र व्हिडिओ मध्ये कुठे कापायचा नाही. घोडी दोन्ही बाजूंनी उभी, सरळ दूर जाताना आणि परत येताना, आधी चालीने मग दुडक्या चालीने. शिवाय दोन्ही डोळे जवळून, ओठ वर करून दात, चारही खुरांचे तळवे. तुकडे जोडलेला व्हिडिओ आला की आम्ही दुसरा मागतो. दुसराही तसाच आला तर त्या घोडीसाठी गाडी काढत नाही.

याच वेळी लेखी एक वाक्य पाठवतो. त्यामागचा कायदा गमतीचा आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यातलं कलम १७ फसवणुकीचं, आणि तिथे दिलेली बहुतेक उदाहरणं चक्क घोड्याचीच आहेत. ‘अ’ने लिलावात ‘ब’ला घोडा विकला, घोडा सदोष आहे हे ‘अ’ला माहीत होतं, तो काही बोलला नाही. ही फसवणूक नाही, असं कायदा म्हणतो. नुसतं गप्प राहणं म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. पण आणखी एक उदाहरण बघा: ‘ब’ने ‘अ’ला सांगितलं की "तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालेन", आणि ‘अ’ गप्प राहिला. आता तेच गप्प राहणं बोलण्याइतकंच झालं. याच कायद्याच्या कलम १५० मध्ये घोडा विकायचा नसून वापरायला उसना द्यायचा आहे. तो खोडकर आहे हे माहीत असून सांगितलं नाही आणि त्याने घेणाऱ्याला पाडलं, तर देणारा जबाबदार. उसना देणाऱ्याला सांगावं लागतं आणि विकणाऱ्याला गप्प राहता येतं, हे आम्हाला उफराटं वाटतं, पण कायदा तसा आहे.

म्हणून आम्ही लिहितो: "घोडीला लंगडेपणा, दमा, पोटशूळ, डोळ्याचं दुखणं, चावणं, लाथ मारणं, लाकडाला दात लावून हवा ओढणं यांपैकी काही नाही आणि गेल्या पंधरा दिवसांत वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध दिलेलं नाही, असं धरून आम्ही येतोय. काही असेल तर आत्ताच कळवा." यात मालकाचं नाव कुठेच विचारलेलं नाही. नावावर अडलेला प्रामाणिक मालक या प्रश्नाने उलट सुटतो. तो दलालाकरवी निरोप देतो की घोडीला दोन वर्षांपूर्वी पोटशूळ झाला होता, औषधाने बरी झाली. भाव थोडा कमी होतो, व्यवहार मोडत नाही.

आता कागद. विकणाऱ्याला आम्ही सांगतो की मूळ कागद जपा, त्याची प्रत काढा आणि प्रतीवर फक्त नाव, पत्ता, फोन एवढ्यावरच पट्टी लावा. डॉक्टरचं नाव, शिक्का, तारीख, जनावराचं वर्णन आणि चिप क्रमांक (मानेत बसवलेल्या मायक्रोचिपचा) उघडे राहिले पाहिजेत. पट्टी काळी हवी. पांढरी लावून झेरॉक्स काढली तर तिथे काही झाकलंय हेच समजत नाही आणि पुढे संशय वाढतो. ओळखपत्र द्यायचीच वेळ आली तर मास्क केलेलं आधार, ज्यावर शेवटचे चारच अंक दिसतात. उपचार करणारा डॉक्टर मालकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याला काही सांगत नाही आणि ते बरोबरच आहे. म्हणून मालकाने त्याला एका ओळीचा निरोप पाठवायचा: अमुक चिपच्या घोडीबद्दल घेणाऱ्याच्या डॉक्टरशी बोला, माझं नाव सांगू नका. दोन डॉक्टर एकमेकांशी दहा मिनिटं बोलले की जे कळतं ते बाजारात दिवसभर फिरून कळत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ ओळखीत होतो. अहवालावर लिहिलेलं असतं "मारवाडी घोडी, कुमैत, वय ४". कुमैत म्हणजे काळ्या आयाळीची तांबूस-तपकिरी. त्या वर्णनात बसणाऱ्या घोड्या त्याच रांगेत पाच उभ्या असतात. अहवाल खरा, शिक्का खरा, घोडी दुसरी. नाव झाकलेलं असल्यामुळे पडताळायची दुसरी वाटही उरत नाही. म्हणून नाव झाकणाऱ्या मालकाच्या घोडीला मायक्रोचिप हवीच, असा आमचा हट्ट असतो. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड, मानेच्या डाव्या बाजूला आयाळीखाली, डोकं आणि खांदा यांच्या मधोमध असलेल्या जाड स्नायुबंधात सुईने बसवतात. तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो, बाकी काही नाही. मालकाचं नाव चिपमध्ये नसतं, ते नोंदणी करणाऱ्याच्या दप्तरात असतं. ही गोष्ट मालकाला समजावून सांगितली की त्याचा निम्मा विरोध मावळतो.

वाचनयंत्र १३४.२ किलोहर्ट्झचं लागतं. १२५ वर चालणारी स्वस्त यंत्रं काहीच दाखवत नाहीत आणि मग "चिपच नाही" असा वाद होतो. यंत्र मानेवर सावकाश नागमोडी फिरवायचं, डावीकडे मिळाली नाही तर उजवीकडे आणि खांद्यापर्यंत, कारण चिप कधी कधी सरकते. एक मिळाली तरी थांबू नये, सगळी मान फिरवून बघावी. दोन चिपा असलेली जनावरंही असतात. आकडा दिसला की यंत्र आणि घोडीचं तोंड एकाच फोटोत घ्यावं.

चिप नसेल तर अंगावरच्या केसांचे भोवरे. बाजारात भोवऱ्यांवर किमती वरखाली होतात. गळ्यावरचा देवमण असला की भाव चढतो, डोळ्याखाली आसूढाळ असली की गिऱ्हाईक मागे सरतं. तब्येतीशी या भोवऱ्यांचा काही संबंध नाही. पण ओळखीसाठी ते फार कामाचे, कारण कपाळ, मान, गळा आणि कुशीवरचे भोवरे जन्मभर जागा बदलत नाहीत. पासपोर्टमधल्या आकृतीवर ते फुलीने दाखवलेले असतात. पायांचा पांढरा भाग कुठपर्यंत आहे, कपाळावरचा तारा कसा आहे, तेही. अशुभ भोवरा असला की काही जण तिथले केस भादरतात किंवा चिकटवून फिरवतात. भादरलेला चौकोन दिसला की बोट फिरवून बघा, खालच्या केसांची दिशा लपत नाही.

शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ नसतोच. त्यांची नोंद पुण्यातल्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते, शर्यतीच्या पत्रिकेत मालकाचं नाव छापलेलं असतं आणि घोडा कधी धावला, कधी सहा महिने गायब होता हे कोणालाही बघता येतं. तो सहा महिन्यांचा खड्डा दिसला की जुनी दुखापत असेल असं धरून पुढच्या पायाच्या कंडरांवरून हात फिरवायचा.

तपासणीत नाव काही उपयोगाचं नाही, तिथे जनावरच बोलतं. वय दातांवरून: मधले दोन पक्के दात अडीच वर्षांच्या सुमाराला येतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला, पाचाला तोंड जुळतं, म्हणजे पुढचे सगळे पक्के दात आलेले असतात. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी दहाव्या वर्षाच्या आसपास एक उभी खाच दिसू लागते, पंधराला ती अर्ध्यावर येते, विसाला खालपर्यंत पोचते. "सहा वर्षांची" म्हणून उभी केलेली घोडी अर्ध्या खाचेची निघते, तेव्हा वाद न घालता पुढच्या दावणीला जावं. पुढच्या दातांची बाहेरची कड घासलेली असेल तर ती लाकडावर दात टेकून हवा ओढते. विकणारा अशा घोडीला मोकळ्या मैदानात बांधतो, जिथे दात लावायला काही नसतं. एक तास गव्हाणीपाशी बांधून बघा.

उंची मोजताना पायाखालची जमीन बघा. उंचवट्यावर उभं करणं, वाढलेलं खूर, जाड नाल, यांनी इंच-दीड इंच सहज मिळतो.

लंगडेपणा लपवायची बाजाराची खास युक्ती म्हणजे ढोल. घोडी नाचवली की चाल दिसतच नाही. ढोल थांबवायला सांगा, दावं सैल सोडायला सांगा (आखडून धरलं की डोक्याचा झोल लपतो) आणि वाळूतून नाही, कडक जमिनीवर सरळ दुडकी चाल चालवा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली. मग एकेक पाय सांध्यात दुमडून मिनिटभर धरायचा आणि सोडल्याबरोबर चालवायचं. नाडी उभ्या घोडीची मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. पळवून आणल्यावर पोट दोनदा आखडत श्वास सोडत असेल तर दमा. खुरांना ताजा काळा रंग लावला असेल तर ओल्या फडक्याने पुसा, भेगा त्याच्याखाली असतात.

करार कायद्यातलं आणखी एक कलम इथे आडवं येतं. कलम १९ म्हणतं की विकणाऱ्याने गप्प राहून फसवलं असलं तरी घेणाऱ्याला साधी काळजी घेऊन खरं शोधता आलं असतं, तर त्याला करार मोडता येत नाही. म्हणजे वर लिहिलेलं वाक्य पाठवून घरी बसलात तर ते वाक्य पुरणार नाही. डॉक्टर नेऊन तपासणी केल्याचा कागद हवा.

औषध देऊन दुखणं दाबलंय का, हे डोळ्याला कळत नाही. गुंगीचं थोडंफार कळतं: खालचा ओठ लोंबतो, पापण्या जड, घोड्याचं लिंग बाहेर लोंबलेलं. वेदनाशामकाचं काहीच दिसत नाही. म्हणून सौद्याच्या दिवशीच दोन नळ्या रक्त काढून ठेवायचं. तपासायचं नाही, ठेवायचं. ब्रिटनमधले पशुवैद्य विक्रीपूर्व तपासणीत असं रक्त सहा महिने ठेवतात. पुढे घोडी अचानक लंगडू लागली तरच ते प्रयोगशाळेत जातं. नळीवर मालकाचं नाव लिहायची गरज नाही. चिप क्रमांक, तारीख, वेळ आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. रक्त काढायचं म्हटल्यावर जो दलाल "मालकाला आवडणार नाही" म्हणतो, त्याच्या मालकाला नेमकं काय आवडणार नाही ते उघड आहे.

ग्लँडर्स मात्र वेगळी गोष्ट. हा रोग घोड्यातून माणसाला होतो, त्यावर लस नाही आणि सापडलेल्या जनावरावर उपचार करत नाहीत, ते मारावं लागतं. २००९ च्या पशुरोग नियंत्रण कायद्यात तो सूचीतला रोग आहे. माहीत असून बाधित जनावर बाजारात आणायला मनाई आहे. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रासारख्या प्रयोगशाळेत जातो तेव्हा फॉर्मवर मालकाचं खरं नाव आणि जनावर राहत होतं ते ठिकाण लिहावंच लागतं, कारण निकाल वाईट आला तर त्या दावणीतली बाकी जनावरं शोधायची असतात. इथे झाकाझाक चालत नाही आणि आम्हीही करू देत नाही. घेणाऱ्याला दाखवायच्या प्रतीवर पट्टी लावा, फॉर्मवर नको. निकाल यायला वेळ लागतो आणि बाजार कोणासाठी थांबत नाही, म्हणून विकणाऱ्याने घरून निघण्याआधीच तपासणी करून अहवालावर चिप क्रमांक लिहून घ्यावा. नसेल तर विसार द्या, पण अहवाल येईपर्यंत घोडी हलवू नका. आणून घरच्या दावणीत बांधायची तर मुळीच नाही.

आता सही कोणाची, हा प्रश्न. मालक समोर यायला तयार नाही, दलाल म्हणतो मी फक्त मधला माणूस. इथे करार कायद्याचंच कलम २३० कामाला येतं: दलालाने मालकाचं नाव उघड केलं नाही, तर करार त्याच्यावरच बांधला गेला असं गृहीत धरलं जातं. म्हणून आम्ही दलालाला दोन वाटा देतो. एक तर मालकाचं नाव लिहा, किंवा विकणारा म्हणून स्वतःची सही करा. घोडी निर्दोष असल्याचं आणि ती विकायचा अधिकार असल्याचं तुम्ही तुमच्या नावाने लिहून द्या. बरेच जण हे ऐकून मालकाला फोन लावायला बाजूला जातात.

अधिकाराची गोष्ट हलकी नाही. चोरीची किंवा वाटणीतली घोडी असेल तर पैसे देऊनही मालकी मिळत नाही. यासाठी बंद पाकीट चांगलं चालतं. मालकाचं नाव, ओळखपत्राची प्रत, खरेदीची जुनी पावती आणि त्याची सही दोघांच्या ओळखीच्या वकिलाकडे ठेवायची. वकिलाने आधी ते उघडं वाचायचं, पाकिटावर "मालकी पाहिली, चिप क्रमांक जुळतो" असं लिहून सही करायची, मग बंद करायचं. न वाचता बंद केलेल्या पाकिटात दलालाचंच ओळखपत्र निघतं. पाकीट कधी उघडायचं तेही करारात लिहावं: मालकीचा वाद, सूचीतला रोग, किंवा न्यायालयाचा आदेश. करारात ठरवलेली मुदत संपल्यावर ते न उघडता मालकाला परत.

पैसे रोखीत मागितले तर लक्षात ठेवा, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही आणि दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे इथे विकणाऱ्याला बसतो. बँकेतून द्यायचं तर ज्याच्या खात्यात जातात त्याचं नाव दिसणारच. मालकाला तेही नको असेल तर दलालाच्या खात्यात द्या, मात्र पावतीवर त्याचीच सही घ्या आणि वरच्या करारातही तोच विकणारा असू द्या. बाजार समितीच्या पावतीवर चिप क्रमांक लिहून मागा. रकाना नसला तरी समासात लिहून घ्या.

गाडीत चढवताना शेवटी नाव बाहेर येतं. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे डॉक्टरचा दाखला लागतो आणि पाठवणाऱ्याचं व घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन सोबत लावावा लागतो. मालकाने इथे स्वतःऐवजी सही केलेल्या दलालाचं नाव पाठवणारा म्हणून द्यावं. खोटं नाव घालू नये, नाक्यावर अडलं तर घोडी उन्हात उभी राहते. घरी पोचल्यावर तिला बाकी जनावरांपासून तीन आठवडे वेगळं बांधा, बादली, खरारा वेगळा ठेवा, रोज सकाळी ताप बघा. १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला तर डॉक्टरला बोलवा, आणि सर्रा (रक्तातल्या परजीवीमुळे होणारा रोग) धरून रक्त तपासायला सांगा. पासपोर्टवरचं नाव बदलायचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. त्यावर जुन्या मालकाची सही लागते, तेव्हा कोरा सही केलेला फॉर्म पाकिटाबरोबरच वकिलाकडे ठेवून घेतलेला असला म्हणजे पुन्हा दलालाच्या मागे फिरावं लागत नाही.